गाडीचाही पासपोर्ट असतो

केनियातून टांझानियात शिरताना नामांगाच्या नाक्यावर विम्याच्या टपऱ्या लागतात आणि त्यांच्या पाट्यांवर लिहिलेलं असतं ‘बिमा’. स्वाहिलीत बिमा म्हणजे विमाच. गाडीला ‘गारी’, दुकानाला ‘दुका’, पैशाला ‘पेसा’ आणि अधिकाऱ्याच्या शिक्क्याला ‘मुहुरी’, म्हणजे आपली मोहोर. मोसमी वाऱ्यावर शेकडो वर्षं ये-जा करणाऱ्या गलबतांची ही करणी. काही शब्द आपल्या किनाऱ्याकडून तिकडे गेले, काही अरबी-फारसीतून दोन्हीकडे पोचले. गंमत अशी, की गाडी, विमा, पैसा आणि मोहोर या चार शब्दांत आफ्रिकेतल्या सीमेवरचं जवळपास सगळं काम उरकतं.

मुंबईहून गाडी जहाजावर चढवायची, केनियाच्या मोम्बासा बंदरात उतरवून घ्यायची आणि थेट केपटाउनपर्यंत चालवत न्यायची, असं मनात असलेले लोक हल्ली बरेच भेटतात. त्यांचे पहिले प्रश्न सिंहांचे, रस्त्यांचे आणि पंक्चरचे असतात. वास्तविक केनिया, टांझानिया, झांबिया, बोट्स्वाना आणि दक्षिण आफ्रिका ही वाट आज जवळपास पूर्ण डांबरी आहे. अंतर सहा हजार किलोमीटरच्या आसपास, आणि पाचही देशांत वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात. घोडं पेंड खातं ते कागदांपाशी. त्याचं मूळ एका साध्या गैरसमजात आहे. आपल्याला वाटतं, सीमा आपण ओलांडतोय. नाक्यावरच्या लोकांच्या हिशेबी मात्र दोघं आलेले असतात, एक माणूस आणि एक गाडी. दोघांची चौकशी वेगळी आणि खिडकीही वेगळी.

इमिग्रेशनच्या खिडकीतला माणूस तुमचा चेहरा, पासपोर्ट आणि व्हिसा बघतो. तुम्ही बैलगाडीतून आलात की विमानातून, त्याला काही देणंघेणं नाही. कस्टम्सच्या खिडकीतल्याचं सगळं लक्ष गाडीवर. मुदतीही वेगळ्या. तुम्हाला ९० दिवस राहायला मिळाले म्हणून गाडीला ९० मिळतीलच असं नाही. गाडीच्या कागदावर ३० लिहिलेले असू शकतात, आणि मग एकतिसाव्या दिवशी तुम्ही रीतसर पाहुणे आणि तुमची गाडी मात्र बेकायदा आयात झालेला माल! म्हणून शिक्का बसल्या बसल्या, खिडकी सोडायच्या आत, दोन्ही कागदांवरच्या तारखा वाचायच्या. मागे रांग खोळंबली तरी चालेल.

सरकारला गाडीची भीती का वाटते

पूर्व आफ्रिकेतल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या बहुतेक मोटारी जपानमध्ये वापरून झालेल्या असतात. त्या बंदरात उतरल्या की त्यांच्यावर घसघशीत आयात शुल्क आणि इतर कर बसतात, आणि सरकारच्या तिजोरीत त्यातून चांगली भर पडते. केनियात तर आठ वर्षांहून जुनी गाडी आयातच करता येत नाही. अशा देशात तुम्ही ‘फिरायला आलोय’ म्हणून गाडी आणलीत आणि गुपचूप विकून विमानानं घरी गेलात, तर कर बुडाला. तुमचा चेहरा कितीही प्रामाणिक असो, कस्टम्सला तुमच्या गाडीत अजून न विकलेला माल दिसतो. त्यांना हमी हवी असते, की ही गाडी आली तशी बाहेर जाईल, आणि नाही गेली तर कर कोणीतरी भरेल.

ही हमी म्हणजे कार्ने. पूर्ण फ्रेंच नाव ‘कार्ने द पासाज आं दुआन’, पण जगभर नुसतं कार्ने म्हटलं की कळतं. देशोदेशींच्या मोटार संघटना आपसांतल्या करारानं हे चालवतात. आपल्याकडे त्यासाठी मुंबईत चर्चगेटजवळच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनचा दरवाजा ठोठवावा लागतो. संघटना तुमच्याकडून अनामत किंवा बँकेची हमी घेते आणि तुमच्या वतीनं परदेशी कस्टम्सला शब्द देते. हमीची रक्कम गाडीची किंमत आणि तुम्ही जाणार ते देश यांवर ठरते. काही देशांसाठी ती गाडीच्या किमतीपेक्षाही जास्त होते. इजिप्तचं नाव या बाबतीत फार बदनाम आहे. म्हणूनच या प्रवासाला नवीकोरी, महागडी एसयूव्ही न्यायचा हट्ट मला कधी पटलेला नाही. गाडी जितकी महाग, तितके पैसे बँकेत अडकून पडणार.

कार्ने हातात घेऊन बघण्यासारखी वस्तू आहे. पाच, दहा किंवा पंचवीस पानांचं आडवं पुस्तक. पहिल्या पानावर गाडीची कुंडली: चॅसिस क्रमांक, इंजिन क्रमांक, रंग, आसनं किती, सीटच्या कव्हरचा रंग कोणता, रेडिओ आहे का, जादा टायर किती. आतल्या प्रत्येक पानाचे आडवे तीन तुकडे, मध्ये फाडायच्या टिंबटिंब रेषा. देशात शिरताना अधिकारी सगळ्यात खालचा तुकडा भरून, शिक्का मारून फाडून घेतो. बाहेर पडताना मधला. वरचा तुकडा पुस्तकातच राहतो आणि त्यावर एका बाजूला प्रवेशाचा, दुसऱ्या बाजूला निर्गमनाचा असे दोन शिक्के जोडीनं बसतात. हा वरचा तुकडा म्हणजे तुमची पावती. आत-बाहेर अशी एक खेप म्हणजे एक पान. पुस्तकाची मुदत एक वर्ष.

गडबड होते ती बाहेरच्या शिक्क्याची. शिरताना तुम्हाला कोणी सोडत नाही, त्यामुळे तो शिक्का चुकत नाही. निघताना मात्र इमिग्रेशनची मोहोर बसली, फाटक उघडं दिसलं, पुढे ट्रक हलला की आपणही गाडी हलवतो. कस्टम्सची खिडकी कोपऱ्यावरच्या एका कंटेनरमध्ये होती हे पन्नास किलोमीटरवर लक्षात येतं. त्या देशाच्या दप्तरात तुमची गाडी अजून आतच आहे. काही महिन्यांनी ते शुल्काची मागणी पाठवतात, संघटनेला ती निस्तरावी लागते आणि संघटना तुमच्या अनामतीतून वसूल करते. मागे फिरून शिक्का आणणं कितीही जिवावर आलं, तरी तेच स्वस्त पडतं.

सगळीकडे कार्नेच लागतो असं नाही. झांबिया, मलावी, झिम्बाब्वे यांसारखे देश नाक्यावरच तात्पुरत्या आयातीचा परवाना देतात: एक छापील कागद, गाडीचे क्रमांक आणि तारीख. कार्ने असला तर काम लवकर होतं, इतकंच. केनियात मात्र परदेशी गाडी घेऊन उतरताना तो हवाच असं धरून चाला.

दक्षिण टोकाला आणखी एक सोय आहे आणि ती थोडी बुचकळ्यात टाकते. दक्षिण आफ्रिका, बोट्स्वाना, नामिबिया, लेसोथो आणि एस्वातिनी या पाच देशांचा कस्टम्ससाठी एकच संघ आहे. १९१० पासूनचा, म्हणजे जगातल्या सर्वांत जुन्या सीमाशुल्क संघांपैकी एक. गाडी यांतल्या पहिल्या देशात शिरताना कार्नेवर शिक्का घ्यायचा आणि शेवटच्यातून बाहेर पडताना दुसरा. मधल्या सीमांवर पान खर्च करायचं नाही. पण हा संघ मालाचा आहे, माणसांचा नाही. गाडी पाच देशांत घरच्यासारखी फिरते, तिच्या मालकाला मात्र प्रत्येक सीमेवर पासपोर्ट काढावा लागतो, आणि भारतीय मालकाला बहुतेक ठिकाणी व्हिसाही.

व्हिसाच्या तीन तारखा

व्हिसाच्या कागदावर तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि लोक त्यांची हमखास गल्लत करतात. दिला कधी, अमुक तारखेच्या आत वापरायचा कधी, आणि वापरल्यापासून राहायचं किती दिवस. विमानानं जाणाऱ्याला यातलं काही जाचत नाही. तो व्हिसा घेतो आणि पंधरा दिवसांत पोचतो. गाडीवाल्याचा घोळ असा, की पाचव्या देशात तो तीन महिन्यांनी पोचणार असतो. दक्षिण आफ्रिकेसाठी भारतीयांना आधीच व्हिसा काढून ठेवावा लागत आला आहे, आणि तो साधारणपणे आपण राहतो त्या देशातूनच मागायचा असतो. झांबियाच्या राजधानीत, लुसाकात, गाडी उभी करून ‘आता पुढचा बघू’ म्हणणाऱ्याला, तुम्ही इथले रहिवासी नाही, भारतातून अर्ज करा, असं उत्तर मिळू शकतं. म्हणून आखणी उलटी करायची. शेवटच्या देशाचा व्हिसा सर्वांत अवघड असेल, तर त्याच्या तारखा पहिल्यांदा ठरवायच्या आणि बाकीचा प्रवास त्यांच्याभोवती बसवायचा. आपण लग्नाचा हॉल मिळतो ती तारीख धरून मुहूर्त काढतो, तसंच.

वाटेतले इतर देश त्या मानानं सोपे. केनियानं जानेवारी २०२४ पासून व्हिसा रद्द करून त्याऐवजी ऑनलाइन प्रवास-परवानगी आणली, शुल्क ३० डॉलर. नाव बदललं, पण अर्ज आधी करायचा आणि पैसे भरायचे हे तसंच राहिलं. टांझानियाचा पर्यटक व्हिसा ५० डॉलरला, ऑनलाइन मिळतो. युगांडा आणि रवांडाही जोडायचे असतील तर केनिया, युगांडा, रवांडा या तिघांचा मिळून १०० डॉलरचा, ९० दिवसांचा एकत्र व्हिसा आहे. त्यावर या तीन देशांत कितीही वेळा ये-जा करा. टांझानिया त्यात नाही. या त्रिकोणाबाहेर, म्हणजे नामांगाच्या पलीकडे, पाऊल टाकलंत की हा एकत्र व्हिसा तिथेच संपतो. सेरेंगेटी बघून परत नैरोबीला येणाऱ्यांना हे सीमेवर कळतं.

‘एकदाच प्रवेश’ आणि ‘अनेकदा प्रवेश’ यांतला फरक नकाशावर दोन ठिकाणी फार छान दिसतो. एक लेसोथो. हा देश चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेनं वेढलेला. एकाच प्रवेशाच्या व्हिसावर दक्षिण आफ्रिकेत आलात आणि हौसेनं लेसोथोच्या डोंगरात गेलात, तर बाहेर पडायला वाटच नाही, कारण प्रत्येक वाट पुन्हा दक्षिण आफ्रिकेत जाते. दुसरं ठिकाण व्हिक्टोरिया धबधबा. अर्धा झांबियात, अर्धा झिम्बाब्वेत, मध्ये एक जुना पूल. दोन्ही बाजूंनी बघायचा म्हटलं तरी सीमा दोनदा ओलांडावी लागते. लोकांचे व्हिसे असे वाया जायला लागले, म्हणून दोन्ही देशांनी मिळून ‘काझा’ नावाचा ५० डॉलरचा ३० दिवसांचा सामायिक व्हिसा काढला. आपला पासपोर्ट त्याच्या यादीत बसतो का, एवढं निघण्याआधी बघून घ्यावं.

हे नियम दगडावरची रेघ नव्हेत. अंगोलाचा व्हिसा एके काळी प्रवाशांना रडवायचा. २०२३ मध्ये त्या देशानं भारतासह ९८ देशांच्या पर्यटकांना तो माफच करून टाकला. उलटही होतं, आणि तेव्हा पेपरात बातमी येत नाही.

दोन बारक्या पण महागात पडणाऱ्या गोष्टी. पासपोर्ट ६० पानांचा घ्या; ३६ पानी पासपोर्ट नाक्यांवर बघता बघता भरतो, आणि मोकळं पान नाही म्हणून परत पाठवलेली माणसं आहेत. दुसरी, पीतज्वराची लस. तिचं पिवळं कार्ड टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. आफ्रिकेतल्या नाक्यांवर ते विचारतात, पण खरा कडकपणा आपल्याच विमानतळावर असतो. पीतज्वर असलेल्या देशांतून कार्डाशिवाय परतलात, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.

नाक्यावर नेमकं काय होतं

गाडी थांबायच्या आत काचेपाशी चार जण येतात. कोणाच्या गळ्यात ओळखपत्र लटकत असतं, कोणाच्या हातात नोटांचं बंडल. हे अधिकारी नव्हेत. काही पैसे बदलून देणारे, काही काम करून देणारे एजंट. आरटीओच्या बाहेर ज्यांनी उमेदवारी केली आहे अशा मराठी माणसाला हे दृश्य नवीन नाही. टांझानिया-झांबियामधल्या तुंडुमा-नाकोंडेसारख्या ठिकाणी, जिथे तांब्याच्या खाणींच्या पट्ट्याकडे जाणाऱ्या-येणाऱ्या ट्रकांच्या लांबच लांब रांगा असतात, तिथे एखादा एजंट खिडक्या दाखवायला घेतला तर त्यात कमीपणा नाही. फक्त दर आधी ठरवा, पासपोर्ट आणि कार्ने हातातून सोडू नका आणि प्रत्येक शुल्काची छापील पावती मागा. ‘पावती’ हा शब्द निघाला की बरीच शुल्कं आपोआप कमी होतात.

बहुतेक मोठ्या सीमांवर आता एकच थांबा असतो. याची आफ्रिकेतली सुरुवात २००९ मध्ये झांबिया-झिम्बाब्वेच्या चिरुंडूला झाली. नामांगालाही हीच पद्धत. पूर्वी अलीकडे बाहेर पडण्याची रांग आणि पलीकडे शिरण्याची वेगळी रांग असायची. आता सरळ पलीकडच्या इमारतीत जायचं. तिथे दोन्ही देशांचे लोक शेजारी-शेजारी बसलेले असतात. एकाच्या खिडकीत निर्गमन, त्याच्या बाजूच्या खिडकीत प्रवेश. नवखा माणूस अलीकडच्या इमारतीपाशी थांबून तासभर चुकीच्या रांगेत उभा राहतो.

झांबियात शिरताना पैसे घेणाऱ्या खिडक्या जास्त: परदेशी गाडीचा रस्ता-टोल, धुराचा म्हणजे कार्बनचा कर, स्थानिक परिषदेची पट्टी, शिवाय विमा. वेगवेगळे कागद, वेगवेगळ्या जागा. डॉलरच्या नोटा कोऱ्या आणि नव्या छपाईच्या ठेवा. शाईचा ठिपका असलेली किंवा जुनी नोट बिनदिक्कत परत करतात.

विम्याचं मात्र छान आहे. आपली इथली पॉलिसी तिकडे चालत नाही, पण प्रत्येक देशात नवा विमा काढायचीही गरज नाही. ‘कोमेसा’ या प्रादेशिक गटाचं पिवळं कार्ड (लसीच्या पिवळ्या कार्डाशी गल्लत नको) केनियात एकदा घेतलं, की त्यावर नोंदलेल्या टांझानिया, झांबिया, झिम्बाब्वे अशा देशांत दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा लागू होतो. आणि दक्षिण आफ्रिकेत तर अपघातातल्या जखमींच्या भरपाईसाठीचे पैसे पेट्रोल-डिझेलच्या दरातच कापलेले असतात. टाकी भरली की वर्गणी भरली.

गाडीसोबत आरसी, आरटीओकडून काढलेला एक वर्षाचा आंतरराष्ट्रीय परवाना आणि मागे ‘आयएनडी’चा लंबगोल स्टिकर हवा. गाडी भावाच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल, तर नोटरीचं अधिकारपत्र. कर्जावर असेल, तर बँकेचं ना-हरकत पत्र. आणि प्लास्टिकच्या पिशव्या डिकीतून काढून टाका. केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून त्यांना बंदी आहे. आपल्याकडची बंदी आपण जितक्या गांभीर्यानं घेतो, त्यापेक्षा ती तिकडे बरीच खरी आहे.

पूल आणि पायपुसणं

झांबियातून बोट्स्वानात जायला काझुंगुलाला झांबेझी नदी ओलांडावी लागते. या दोन देशांची सामायिक सीमा जेमतेम दीडशे मीटर, तीही नदीत. झिम्बाब्वे आणि नामिबिया इथे इतके जवळ येतात, की चार देश जवळपास एका बिंदूत मिळतात. २०२१ च्या मे महिन्यापर्यंत इथे तराफा चालायचा आणि ट्रकवाले दिवसेंदिवस काठावर स्वयंपाक करून राहायचे. आता ९२३ मीटरचा पूल आहे. त्यावरून जाताना लक्षात येतं, की पूल सरळ नाही, कमानीसारखा वळलेला आहे. झिम्बाब्वेच्या हद्दीला स्पर्श होऊ नये म्हणून तो तसा बांधला. सीमा माणसाला किती वाकवते ते इथे सिमेंटमध्ये दिसतं.

पलीकडे बोट्स्वानाचा माणूस व्हिसाच्याही आधी डिकी उघडायला लावतो. कच्चं मांस, दूध आहे का? मग तुम्हाला खाली उतरवून औषधाच्या पाण्यानं चिंब झालेल्या एका गोणपाटावर चालायला लावतात आणि गाडीत असलेले बूट-चपलांचे इतर जोडही बुडवायला सांगतात. गाडीची चाकंही तशाच पाण्यातून जातात. कारण लाळ्या-खुरकूत. बोट्स्वाना युरोपला गोमांस निर्यात करतो आणि रानरेड्यांकडून गुरांना लाळ्या झाला तर तो व्यापार बसेल, म्हणून देशभर कुंपणं आणि तपासणी नाकी आहेत. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे एका वाक्यात समजतं. शहरातले प्रवासी मात्र बूट ओले झाले म्हणून कुरकुरतात.

इथून पुढच्या नाक्यांवर बोटभर कागदाची चिठ्ठी देतात. त्यावर इमिग्रेशनचा एक आणि कस्टम्सचा एक शिक्का घ्यायचा आणि शेवटच्या फाटकावरच्या शिपायाला ती द्यायची. एक शिक्का कमी असेल तर दांडी उचलली जात नाही.

कोणती वाट बंद

कैरो ते केप हा जुना मोठा प्रवास सध्या मोडलेला आहे. इजिप्त ते सुदान हा टप्पा पूर्वी नासर सरोवरातल्या बोटीनं व्हायचा, २०१४ पासून जमिनीवरून व्हायला लागला. पण एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये युद्ध पेटलं आणि ती वाट बुडाली. पश्चिमेकडून, मोरोक्को-मॉरिटानिया-सेनेगल अशी उतरणारी वाट चालू आहे, पण ती लांबची, व्हिसे जास्त, आणि जवळपास सगळी वाट उजवीकडून चालवायची सवय करावी लागते. मोरोक्को आणि अल्जीरियामधली सीमा १९९४ पासून बंद आहे. नकाशावर रस्ता दिसतो म्हणून फसू नका. पहिल्यांदा जाणाऱ्याला माझं मत विचाराल तर मी मोम्बासाच सांगेन. आणि तेही झेपणारं नसेल, तर नामिबियात किंवा दक्षिण आफ्रिकेत गाडी भाड्यानं घ्या. कंपनी सीमा ओलांडायचं पत्र देते, कार्नेची भानगड उरत नाही.

स्वतःची गाडी नेलीत तर केपटाउनला पोचल्यावर फोटो काढून काम संपत नाही. बंदरात गाडी कंटेनरमध्ये जाण्यापूर्वी कस्टम्सचा माणूस कार्नेचं शेवटचं पान भरून शिक्का मारतो. न्हावाशेव्याला कंटेनर उघडला की आपला अधिकारी बॉनेट उघडायला लावून चॅसिसचा आकडा पुस्तकाशी ताडून बघतो आणि गाडी परत आल्याची नोंद करतो. मग ते शिक्क्यांनी भरलेलं पुस्तक चर्चगेटला द्यायचं. तिथे ते एकेक पान उलटून वरच्या तुकड्यांवरच्या जोड्या मोजतात, आत आणि बाहेर, आत आणि बाहेर. सगळ्या जुळल्या, की बँकेला पत्र जातं आणि तुमची हमी सुटते.